खराटा, केरसुणी आणि मोकलावासचं अरणा-झरणा

जोधपूरला गेलेले बहुतेक जण मेहरानगड बघून परततात. शहराबाहेर मोकलावास गावाजवळचं अरणा-झरणा हे खासगी संग्रहालय राहूनच जातं. लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारी यांची ही कल्पना. त्यांनी राजस्थानी लेखक विजयदान देथांबरोबर 1960 साली बोरुंदा गावात काढलेल्या रूपायन संस्थान या संस्थेनेच दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर ते उभं केलं.

इथला मुख्य ऐवज म्हणजे झाडू. हसू नका. कोठारींनी राजस्थानची वाटणी संस्थानांवरून नव्हे, तर भाकरीवरून केली: बाजरीचा पट्टा, ज्वारीचा पट्टा आणि भिल्लांच्या मुलखाकडचा मक्याचा. झाडूंकडेही त्याच नजरेनं बघायचं, कारण शिवारात जे उगवतं त्याचाच झाडू होतो. खिंप, सिणिया या वाळवंटी झुडपांच्या ताठ काड्या अंगणात नि खळ्यावर चालतात. सारवलेल्या जमिनीवर मात्र त्या ओरखडे काढतात. तिथं पन्नीचं मऊ गवत हवं. बाहेरचा तो बुहारा, आतली ती बुहारी. आपल्याकडेही खराटा ‘तो’ आणि केरसुणी ‘ती’! पाय लागू न देण्याची रीतही तीच. मुठीकडची बांधणी जवळून बघा. तिथली दोरी ढिली पडली की काड्या गळायला लागतात आणि झाडूचं आयुष्य संपतं.

वाद्यांमध्ये कमायचा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य आणि सारंगी आहेतच, पण आधी रावणहत्था बघावा. नारळाच्या करवंटीवर ताणलेलं कातडं, बांबूचा दांडा, गजाला घुंगरं. पाबूजी या लोकदैवताची कथा रंगवलेला लांब पट, म्हणजे फड, समोर ठेवून ती गाणाऱ्या भोप्यांचं हे वाद्य.

आवारातली झाडं हेही दालनच समजा. केर-सांगरीची भाजी हॉटेलात खाल्ली असेल, तर ओळखीची मंडळी भेटतील: खेजडी म्हणजे आपली शमी, सांगरी तिच्या शेंगा, केर म्हणजे नेपतीची फळं.

उणीव एकच, पण मोठी. समजावून सांगणारं कुणी नसेल तर सगळे झाडू सारखेच दिसतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडावं लागतं. म्हणून आधी फोन करून जा, माहिती देणारं माणूस मागा आणि दोन तास हाताशी ठेवा. नावातला झरणा पावसाळ्यातच दिसतो. ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम, मे महिन्यातली दुपार टाळाच. पाणी बरोबर न्या, आणि रिक्षा जाऊन-येऊन ठरवा. परतीला वाटेवर वाहन मिळेल या भरवशावर राहू नका.