थार रॉक्स ४×४ : चिखलात न्यायची तर

१५ ऑगस्ट २०२४ ला आलेल्या महिंद्राच्या पाच दारांच्या थार रॉक्सबद्दल हौशी मंडळींची पहिली शंका लांबीची, आणि ती रास्त आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २८५० मिमी; हे तीन दारांच्या थारपेक्षा ४०० जास्त. नाक न घासता चढ चढण्याचा पुढचा ४१.७ अंशांचा कोन झकास, पण रॅम्पओव्हर, म्हणजे पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन, फक्त २३.९. नाक उंचवट्यावर सहज चढतं आणि मग पोट टेकतं. बांध सरळ न ओलांडता तिरका घ्या, एकेक चाक वर जाऊ द्या.

४×४, म्हणजे चारही चाकांना ताकद, फक्त डिझेलमध्ये. पेट्रोलवाल्यांनी विषय सोडावा. मागचं लॉकिंग डिफरन्शियल (मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं लॉक) मात्र खरं काम करतं. चाक फिरायला लागल्यावर नव्हे, आधीच, ४एल (चारही चाकांचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकून ते लॉक लावा. कडक जमिनीवर वळण्याआधी काढा, नाहीतर गाडी वळायलाच तयार होत नाही.

वरच्या मॉडेलचे १९ इंची टायर दगडांत खटकतात. २५५/६० म्हणजे रुंदी २५५ मिमी आणि साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तिच्या ६० टक्के, जेमतेम १५३ मिमी. वाळूत हवेचा दाब २० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा. हवा भरायचा कंप्रेसर सोबत हवाच.

आणि पांढऱ्या सीट? चिखलात जाणाऱ्या गाडीला! सीट कव्हर पहिल्याच दिवशी घाला.