शाळेतली तक्रारपेटी आणि महिन्यातून दोन गुरुवारी येणाऱ्या ताई: दीड वर्षाचा अनुभव

पेटी पत्र्याची आहे. हातभर उंच, निळा ऑइलपेंट, वर टपालपेटीसारखी फट आणि खाली पितळी कुलूप. गावातल्याच वेल्डिंगवाल्यानं साडेचारशे रुपयांत करून दिली. गेलं दीड वर्ष दर शनिवारी ती उघडते तेव्हा मी समोर असते. पाचपैकी चार गुण देईन. एक गुण का कापला तेही सांगते.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, बाजाराचं. शाळा पाचवी ते दहावी, मराठी माध्यमाची. मी शिवणकाम करते. थोरला आठवीत गेला तेव्हा शाळेनं मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीत पालक म्हणून माझं नाव घातलं. ही समिती प्रत्येक शाळेत असावी असं राज्य सरकारनं मार्च 2022 मध्ये सांगितलं. त्यात मुख्याध्यापक, शिक्षिका, समुपदेशक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, पालक असे सगळे असतात आणि विद्यार्थ्यांमधून दोन मुलं, दोन मुलीही असतात. तक्रारपेटीचा आदेश तर त्याच्याही आधीचा, 2017 चा. तरी आमच्याकडे पेटी लागली ती ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना उघड झाल्यावर, सरकारनं पुन्हा कडक आदेश काढला तेव्हा. एवढा उशीर व्हायला नको होता.

पहिले तीन महिने पेटी रिकामी. रिकामी म्हणजे चॉकलेटचे कागद आणि एकदा कुणाचं तरी तुटलेलं पेन. कारण ती लावली होती मुख्याध्यापकांच्या दारालगत, वरती कॅमेरा. माझ्या दुकानात ब्लाऊज घालून बघायला कोपऱ्यात पडदा लावलाय. तो पडदा रस्त्याच्या तोंडाशी लावला असता तर एक बाई आत गेली नसती. बैठकीत मी एवढंच म्हटलं. सरांनी ऐकलं. ती पेटी जिन्याच्या वळणावर गेली, दुसरी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर लागली. पुढच्याच शनिवारी सहा चिठ्ठ्या निघाल्या. कुठल्याही शाळेला माझं पहिलं सांगणं हेच, की पेटी कुठं लावताय ते आधी बघा.

दुसरी अडचण नोंदवहीची. प्रत्येक चिठ्ठी नोंदवहीत चढवायची आणि पुढच्या रकान्यात काय केलं ते लिहायचं. पहिल्या दोन पानांवर सगळीकडे एकच शेरा, ‘समज दिली’. कुणाला दिली, काय सांगितलं, त्यानंतर त्रास थांबला का, हे समितीतल्या कुणालाही सांगता येईना. आता त्यापुढे आणखी एक रकाना आखलाय, ‘पंधरा दिवसांनी विचारलं का?’ हा रकाना ताईंनी आखायला लावला.

ताई म्हणजे समुपदेशक. महिन्यातून दोन गुरुवारी येतात, त्यांचं मानधन माजी विद्यार्थी वर्गणी काढून देतात. त्या काय करतात ते मला कळलं एका चिठ्ठीमुळे, आणि ती चिठ्ठी माझ्या घरापर्यंत आली.

शंभर पानी वहीचं अर्धं पान होतं, आठ घड्या घातलेलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेलं असावं, कारण ओळी खाली घसरत गेल्या होत्या. मजकूर असा: ‘माझ्या पप्पांची दारू सुटत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. तरी आठवी ब मधली चार मुलं मला मधल्या सुट्टीत क्वार्टर म्हणून हाक मारतात. मी आता डबा खात नाही.’ खाली चार हजेरी नंबर. 6, 11, 17, 23.

सतरा नंबर माझ्या घरात राहतो.

मी तिथल्या तिथं सांगितलं, हा माझा मुलगा. एक शिक्षक चिठ्ठी उजेडाला धरून म्हणाले, हे अक्षर तर अमुकतमुकीचं दिसतंय. मी त्यांना हात जोडून थांबवलं. लिहिणारीचा शोध घ्यायचा असता तर तिनं डाव्या हाताचे कष्ट कशाला घेतले असते? तेव्हापासून चिठ्ठी एकच जण वाचून दाखवतो, बाकीच्यांच्या हातात देत नाही. सर मला निघताना म्हणाले, “ताई, घरी जाऊन मारू नका. गुरुवारपर्यंत थांबा.” ते पाच दिवस फार जड गेले.

माझी समजूत होती की चौघांना प्रार्थनेला पुढं उभं करतील, कान धरून माफी मागायला लावतील. आमच्या वेळी तेच व्हायचं. ताईंनी तसं काहीही केलं नाही. त्या म्हणाल्या, सगळ्यांसमोर माफी मागितली की ज्या पोरांना ते नाव माहीत नव्हतं त्यांनाही कळणार. त्या आठवीच्या प्रत्येक मुलामुलीशी पाच-पाच मिनिटं एकटं बोलल्या, म्हणजे कोणाला मुद्दाम बोलावलंय ते कुणाला कळू नये. त्यात ती मुलगी आपणहून बोलली. तुला काय हवंय, असं तिलाच विचारलं. तिला माफी नको होती. नाव बंद व्हावं आणि मैत्रिणीबरोबर गुलमोहराखाली बसून डबा खाता यावा, एवढंच तिचं मागणं. हे ताईंनी मला मुलीचं नाव न घेता सांगितलं. ती कोण, हे मला आजही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

माझ्या मुलाला त्यांनी ‘असं का केलंस’ हा प्रश्नच विचारला नाही. विचारलं ते असं: “तुला कोणी कधी नाव ठेवलं होतं का रे?”

त्या रात्री तो जेवला नाही. मी मशीनवर फॉल लावत होते. जवळ येऊन बसला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, “मला बायल्या म्हणायचे.” सातवीत असताना तो दुकानात मला हूक आणि काजं करून द्यायचा. हात इतका साफ, की गिऱ्हाइकं कौतुक करायची. वर्गातल्या एकानं ते बघितलं, आणि तेव्हापासून हे नाव. मग त्यानं दुकानात यायचंच सोडलं. मला वाटलं अभ्यास वाढला. “तिला हाक मारायला लागल्यावर मला म्हणायचे बंद झाले,” तो म्हणाला. मी मशीन थांबवलं. आई असून मला वर्षभर हे दिसलं नव्हतं. एका प्रश्नात ते त्या बाईंनी काढलं, म्हणून चारातले तीन गुण एकट्या त्यांचे.

याचा अर्थ त्याची चूक पोटात घातली असं नाही. चौघांनाही ताईंनी स्पष्ट सांगितलं, तुम्ही एका मुलीचा डबा बंद केलात. पुढं त्या चौघांशी तीनदा बोलल्या. नोंदवहीच्या नव्या रकान्यात त्या चिठ्ठीपुढं तीन तारखा आहेत.

वर्गातले तासही त्या घेतात, मुलं-मुली एकत्र बसवून. करकटकानं बाकावर मुलामुलीची नावं जोडून कोरणं, मुलीला न विचारता तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं, नाही म्हटलं की नाहीच समजायचं, असे विषय असतात. एका तासाला मी मागं बसले होते. पहिली दहा मिनिटं पोरं नुसती खिदळत होती, नंतर शांत झाली.

आता कापलेला गुण. महिन्यातून दोनच गुरुवार. शुक्रवारी काही घडलं तर मुलानं दोन आठवडे तसंच काढायचं का? दहावीच्या सराव परीक्षेच्या दिवसांत तर हे फार जाणवतं, कारण तेव्हा पेटीत ‘झोप येत नाही’, ‘घरी निकालाचं बोलतात तेव्हा पोटात दुखतं’ अशा चिठ्ठ्या येतात. त्यासाठी पेटीवर आम्ही दोन नंबर रंगवून घेतलेत. लहान मुलांच्या मदतीचा 1098 आणि मनाच्या त्रासात फोनवर मदत करणाऱ्या टेलिमानसचा 14416. टेलिमानस केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलं. फोनला पैसे पडत नाहीत, रात्रीही चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं. पण मुलांकडे फोन असतो तो घरच्यांसमोर. ओळखीच्या माणसानं समोर बसून विचारण्याची सर त्याला नाही.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. सगळं समितीत मिटवायचं नसतं. लैंगिक त्रासाची चिठ्ठी निघाली तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. शाळेचं नाव जाईल म्हणून बसून विचार करायला तिथं जागाच नाही. ताईंनी हे पहिल्याच बैठकीत वाचून दाखवलं. तोपर्यंत आमच्यातल्या निम्म्यांना ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मुलगा आता नववीत आहे. दिवाळीच्या गर्दीत एक दिवस न सांगता दुकानात आला आणि हुकांची डबी ओढून बसला.

मागच्या शनिवारी तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्यातली एक, उजव्या हातानं, सरळ ओळीत लिहिलेली: ‘ताई बसतात ती खोली बदला. आत बोललेलं प्रयोगशाळेत ऐकू येतं.’ खरंच आहे ते, मध्ये नुसतं प्लायवूड आहे. दीड वर्षात आमच्यापैकी कुणी तिकडे उभं राहून ऐकून बघितलं नव्हतं. सरांनी ती चिठ्ठी स्वतः नोंदवहीत लिहिली. ग्रंथालयामागची खोली रिकामी करायची ठरलीय. खिडकीला जाड कापडाचे पडदे लागतील, माप मी घेऊन आलेय.