ग्लायडरचं उड्डाण नोंदवायला रेकॉर्डर घ्यावा की फोनवरच भागवावं?

एप्रिलात परभणीकडं नांगरलेल्या काळ्या रानात वावटळ उठते, अन् वर घारी पंख न हलवता चढत जातात. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चढतं तेही त्याच गरम हवेवर. ही चढण नोंदवायला फोनवर एक्ससीसोर हे ॲप फुकट आहे, उड्डाणाच्या नोंदीची आयजीसी फाइलही बनते. सरावाला भरपूर. पण कॅनोपीखालच्या, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाखालच्या, उन्हात फोन तापून बंद पडतो; माझा दोनदा पडलाय.

रेकॉर्डरचं तसं नाही. आतला दाबमापक उंची टिपतो, फाइलवर डिजिटल सही बसते. नंतर एक आकडा जरी फिरवला तरी तपासणीत पकडला जातो. ग्लायडिंगच्या कौशल्य-बॅजांमधली सिल्व्हरची १००० मीटर चढण असो वा त्याहून वरचा डायमंड, बॅजसाठी फोनच्या भरवशावर बसू नका. महाग आहे, मान्य. क्लबनं एकच घ्यावा, आळीपाळीनं वापरावा.