नंबरच्या काचांचा डाइव्हिंग मास्क: सात महिने, सोळा डाइव्ह

माझा चष्म्याचा नंबर उणे चार. भाड्याचा साधा मास्क लावून गोव्याच्या ग्रँड आयलंडला पहिल्या दोन डाइव्ह केल्या, तेव्हा इन्स्ट्रक्टर बोट दाखवायचे आणि मी मान डोलवायचो. दिसत काहीच नव्हतं. म्हणून ऑक्टोबरात, सीझन सुरू होताना, नंबरच्या तयार काचा बसणारा मास्क घेतला. मेपर्यंत सोळा डाइव्ह झाल्या.

या काचा अर्ध्या अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात, त्यात सिलिंडरचा नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझमचा) मिळत नाही. माझ्या डाव्या डोळ्याला थोडा आहे, तो सोडून दिला. पाण्याखाली वस्तू एक चतुर्थांश जवळ भासते, म्हणून उणे साडेतीनच घेतल्या आणि पुरल्या. पहिल्याच डाइव्हला कपारीत बसलेला गोबरा मासा दिसला, गलफडं हलताना सुद्धा! पाण्याखालीच हसलो आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.

अपेक्षा मात्र बेतानं ठेवा. काच कितीही चांगली असो, गोव्याचं पाणी गढूळच. पाच-सहा मीटर स्पष्ट दिसलं तर तो दिवस चांगला. लक्षद्वीपचे व्हिडिओ बघून मास्क घ्याल तर उगाच मास्कला शिव्या घालाल.

गळतीसाठी मी दोन महिने विक्रेत्याशी भांडलो. नाकाखालून पाणी यायचं, दर पाच मिनिटांनी नाकातून फुंकून काढायचं. पट्टा आवळला तर गळती वाढली, वर कपाळावर वळ. शेवटी बोटीवरचा पोरगा म्हणाला, "भाऊ, मास्क नाही, मिशी गळतेय." नाकाखालची बारीक पट्टी भादरली, बाकी मिशी शाबूत. गळती जवळजवळ थांबली. विक्रेत्याची माफी मागायची राहूनच गेली.

मास्क नवा असताना काचेवर धुकं फार धरायचं. टूथपेस्टनं चार वेळा घासल्यावर कमी झालं, उरलेलं काम थुंकीनं होतं. खरी तक्रार बकलची. फेब्रुवारीत एक तुटलं, तर सुटं मिळेना, अख्खा पट्टाच घ्यावा लागला. काचेच्या कडेला मीठ अडकून काळे डागही पडले. गोड्या पाण्यात भिजत ठेवायचा आळस माझाच.

वर आल्यावर मास्क गळ्यात ठेवा. कपाळावर चढवला तर लाट नेते, शिवाय बोटीवरच्यांना वाटतं तुम्ही अडचणीत आहात. मी तर शिडी चढून चष्म्याचा डबा सापडेपर्यंत तो डोळ्यांवरच ठेवतो. लोक हसतात, हसू देत.

सध्या पावसाळा, बोटी बंद. मास्क डब्यात आहे आणि मिशी पुन्हा भरलीय.