चेक इंजिनचा दिवा, निर्दोष सेन्सर आणि आठ महिने वापरलेला ओबीडी स्कॅनर

आधी त्या निळ्या दिव्याचं सांगतो, कारण बाकी सगळं मी या डोंगलला माफ केलंय. ईएलएम३२७ जातीचा, ब्लूटूथवाला, काड्यापेटीएवढा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड फोनवर दाखवणारा. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटात खोचायचा, फोनवर ॲप उघडायचं, १२३४ टाकून जोडायचा, झालं. आयफोनवाल्यांनी वाय-फायचा किंवा बीएलईचा (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचा) घ्यावा, साधा ब्लूटूथ त्यांना चालत नाही. हे सगळं खोक्यावर असतं. खोक्यावर नसतं ते असं की याला बंद करायचं बटणच नाही. सॉकेटातली १६ नंबरची पिन थेट बॅटरीवर असते, चावी काढली तरी तिच्यात करंट असतोच. त्यामुळे गाडी लॉक करून आपण झोपलो तरी हा पठ्ठ्या आत अंधारात निळा दिवा लुकलुकवत जागाच. रात्री खिडकीतून गाडीकडे बघितलं की वाटतं, आत कुणीतरी बसून फोन बघतंय. दोनदा उठून बघून आलो.

घेतला कशासाठी, तर रागाने. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला होता. पिकअप नेहमीसारखा, फक्त सिग्नलला उभी असताना गाडी किंचित थरथरायची. दिवा लुकलुकत असता तर मी जागीच थांबलो असतो, कारण लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (कॅटला) भाजून काढतंय. माझा दिवा स्थिर होता, म्हणून सर्व्हिस सेंटरपर्यंत चालवत नेली. त्यांनी स्कॅनिंगचे पैसे घेतले आणि एका ओळीचा कागद दिला: पी०१७१, सिस्टिम टू लीन, बँक १. म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेत हवा जास्त, पेट्रोल कमी.

“पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय सर. दोन्ही बदलून घ्या, एक बदलला की दुसरा मागोमाग जातो.”

मागोमाग का जातो, तो काय पहिल्याचा सख्खा भाऊ आहे, असं विचारलं तर “तसं रेकमेंडेशनच आहे सर.” कोटेशनमधल्या नुसत्या मजुरीच्या रकान्यापेक्षा कमी पैशात हा डोंगल येत होता. तिथेच उभ्या उभ्या मागवला.

आला त्या दिवशी पहिलं काम काय केलं असेल, तर कोड पुसून टाकला. नव्या खेळण्यात ‘इरेज’ बटण दिसल्यावर हात थांबतो का कुणाचा? दिवा गेला. घरात जाऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं की गाडी दुरुस्त झाली. तिसऱ्या दिवशी दिवा परत हजर. मग वाचत बसलो तेव्हा कळलं की अशा बिघाडांना गाडी एका फेरीत दिवा लावत नाही. पहिल्यांदा कोड ‘पेंडिंग’ म्हणून मनात ठेवते, पुढच्या फेरीतही तेच दिसलं की मग दिवा. आणि कोड पुसताना त्याच्यासोबतची फ्रीझ फ्रेमही मी पुसली होती. फ्रीझ फ्रेम म्हणजे बिघाड नोंदवला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती गरम होतं, लोड किती होता याची टिपलेली नोंद. पंचनामा व्हायच्या आधीच मी फरशी पुसून घेतली म्हणायची.

मग लाइव्ह डेटा उघडला. पुढचा सेन्सर, म्हणजे कॅटच्या आधीचा, ०.१ व्होल्टवरून ०.८ वर, परत ०.१ वर, असा सारखा वरखाली नाचत होता. मागचा मात्र ०.७ च्या आसपास शांत, साधूसारखा बसलेला. मी म्हटलं, सापडला चोर! जो नाचतोय तो बिघडलेला आणि जो शांत आहे तो बरा. या शोधावर मी एवढा खूश होतो की ग्राफचा स्क्रीनशॉट काढून भाच्याला पाठवला.

सेन्सर बाहेरून मागवला आणि स्वतःच बदलला. २२ मिमीचा, वायर जायला खाच असलेला सॉकेट लागतो. साधा रिंगपाना वायरवरून जात नाही. इंजिन कोमट असताना आटे लवकर सुटतात, थंड इंजिनवर मी अर्धा तास लोंबकळलो आणि बोटांची सालं काढून घेतली. वायर धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप काढताना तुटली. तिच्यावाचून काय अडतंय, म्हणून सोडून दिली. जुना सेन्सर नव्याच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवला, कारण आमच्याकडे काहीही टाकत नाहीत. कोड पुसला आणि डोंगलला पाचपैकी पाच तारे दिले.

इथपर्यंतचं सगळं पहिल्या महिन्यात लिहून ठेवलेलं आहे. मुद्दाम तसंच ठेवतोय, म्हणजे माझा मूर्खपणा तारीखवार राहील. पाचव्या दिवशी दिवा परत लागला. तोच पी०१७१. ग्राफ उघडला तर नवा कोरा सेन्सरही अगदी तसाच नाचतोय.

पुढच्या सेन्सरने नाचायचंच असतं. त्याचं कामच ते. झिर्कोनियाचा साधा सेन्सर एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनकडे बघून दोनच गोष्टी सांगतो: पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या बाजूला जातो, हवा जास्त झाली की ०.१ च्या बाजूला. मधली रेषा ०.४५. इंजिनचा कॉम्प्युटर त्याचं ऐकून पेट्रोल थोडं कमी करतो, थोडं वाढवतो, आणि १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या मापाच्या आजूबाजूला झुलत राहतो. मागचा शांत असतो तो कॅट नीट काम करतोय म्हणून. मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागला, तर काळजी करायची, मग बहुधा पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येतो आणि खिसा खरा कापला जातो. (काही गाड्यांत पुढे वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचं नेमकं माप सांगणारा सेन्सर असतो, त्याचा ग्राफ असा दिसत नाही. माझ्यासारखी घाई करू नका.) हा सेन्सर काही कालचा शोध नाही, बॉशने बनवलेला लॅम्डा सेन्सर (ऑक्सिजन सेन्सरचंच दुसरं नाव) १९७६ साली व्होल्व्होच्या गाड्यांत आला. तरी काउंटरवर ‘लीन’ शब्द दिसला की सेन्सर काढायला निघतात. आणि त्यांना कशाला हसू, मीही तेच केलं.

खरं उत्तर पहिल्या दिवसापासून त्याच ॲपमध्ये होतं, दोन ओळी खाली: शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, त्याचा हिशेब. एक-आकडी असेल तर ठीक. माझ्या गाडीत आयडलिंगला दोन्ही मिळून +२४ होतं. रेस देऊन २५०० आरपीएमवर धरलं की उतरून +६. या दोन आकड्यांवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आणि पैसे तिथे वसूल झाले. कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असेल तर आयडलिंगला तिचा वाटा मोठा असतो, कारण थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटलेलं असतं आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम जोरात ओढत असतो. रेस दिली की इंजिन एवढी हवा घेतं की चोरवाटेची हवा किरकोळ होऊन जाते. उलट फ्युएल पंप दमला असेल किंवा एअर फ्लो सेन्सर मळला असेल, तर आकडा रेस दिल्यावर वाढत जातो. पुढच्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण बरोबर असूनही सेन्सरला लीन दिसतं, तीही शक्यता बघून घेतली. तिथे काजळी नव्हती, फटफट आवाज नव्हता.

बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, कार्ब क्लीनरची बारीक नळी घेऊन एकेका होजजवळ थेंबभर फवारा. (हे ज्वलनशील असतं, गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेटतं. आग विझवायचं सिलिंडर जवळ नसेल तर या भानगडीत पडू नका.) फोन बॅटरीवर ठेवलेला, स्क्रीनवर फक्त दोन आकडे. हा स्वस्तातला डोंगल एकावेळी दहा आकडे मागितले की धापा टाकतो, दोनच मागितले तर बऱ्यापैकी चालतो. मॅनिफोल्डच्या मागे पीसीव्हीची, म्हणजे इंजिनच्या पोटातल्या वाफा परत आत ओढून नेणारी रबरी नळी वळते, त्या कोपरावर फवारा गेला आणि सेन्सर तडक ०.८८ वर जाऊन चिकटला, शॉर्ट टर्म ट्रिम धाडकन खाली आलं. हात घालून चाचपलं. नळीच्या पोटाला, खालच्या बाजूने, नखाएवढी चीर. वरून बघितलं तर नळी ठणठणीत.

म्हणजे सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. नळी बदलली, दोन दिवसांत लाँग टर्म +३ वर आलं, थरथर गेली. आणि हो, मी ती फाटकी नळी घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काम नव्हतं, खुमखुमी होती. सल्लागाराने नळी उलटसुलट बघितली आणि म्हणाला, “पण सर, सेन्सर तसाही जुना झालाच होता ना.”

यानंतर डोंगल काढून ड्रॉवरमध्ये ठेवला असता तर पुढचं टळलं असतं. पण मला चटक लागली होती. रोज सकाळी ट्रिम बघितल्याशिवाय गिअर पडेना. डोंगल कायमचा खोचलेला, निळा दिवा कायमचा चालू. मध्ये १६ दिवस गाडी उभी राहिली. परत येऊन चावी फिरवली तर स्टार्टरचा नुसता टकटक आवाज. मल्टिमीटर सीरिजमध्ये लावला, गाडी लॉक करून ती पूर्ण झोपेपर्यंत अर्धा तास वाट बघितली: डोंगलसकट ७० मिलिअँपिअर, डोंगल काढला की २५. म्हणजे ४५ याचे एकट्याचे, दिवसाला एक अँपिअर-अवरच्या वर. दोघांचं मिळून १६ दिवसांत २७ च्या आसपास होतं, आणि माझी बॅटरी ३५ ची, तीही तरुण नाही. सगळा करंट दिवा खात नाही, आतला ब्लूटूथ खातो, हे मला कळतं. पण राग दिव्यावरच निघतो. ज्याला बिघाड शोधायला आणला त्यानेच बिघाड करून ठेवला. एक तारा कापला.

सातव्या महिन्यात दिवा पुन्हा लागला. या वेळी इरेज बटणाला हात लावला नाही, आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढला. कोड दोन: पी०१३५ आणि पी०१४१. पहिला पुढच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा, दुसरा मागच्या. हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट बोलत नाही, म्हणून थंड इंजिनवर त्याला तापवायला आत हीटर असतो. सर्व्हिस सेंटरच्या हिशेबाने हा दोन्ही सेन्सर बदलण्याचा सुवर्णयोग. पण दोन हीटर एकाच मुहूर्तावर कसे मरतील? दोघांत सामाईक काय, तर फ्यूज. डबा उघडला, १५ अँपिअरचा फ्यूज उडालेला. नवा लावला, इंजिन सुरू करताच तोही उडाला.

गाडीखाली आडवा झालो. पुढच्या सेन्सरची वायर खाली लोंबून एक्झॉस्टच्या पाइपवर टेकली होती, वरचं आवरण वितळून तांबं उघडं पडलेलं. क्लिप. सहा महिन्यांपूर्वी ‘तिच्यावाचून काय अडतंय’ म्हटलेली ती क्लिप. विकणाऱ्याकडे वॉरंटीचा प्रयत्नही केला, लाज सोडून. त्याने फोटो बघून नाही म्हटलं, आणि त्याचं बरोबर होतं.

सेन्सर आतून जिवंत होता. एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या असतात, त्यांच्यात सहा-साडेसहा ओहम दाखवत होता. पण वायर पार बुडापर्यंत वितळलेली, आणि तिथे डाग देऊन जोडता येत नाही. या सेन्सरला तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि पुष्कळ सेन्सरांत ती वायरच्या तारांमधूनच आत पोचते. सोल्डर आणि फ्लक्सने ती वाट बुजते.

मग माळ्यावर चढलो. जुना सेन्सर खोक्यात तसाच होता. मीटर लावला, सहा ओहम. आट्यांना थोडी अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची) पेस्ट, टोकाला न लागू देता, आणि बसवला, या वेळी नव्या क्लिपसकट. फ्यूज टिकला. कोड पुसून इंजिन सुरू केलं, ग्राफ उघडला. मिनिटभर सरळ रेषा, मग एक उसळी, आणि सुरू झाला नाच, ०.१ ते ०.८, पूर्वीसारखाच. सहा महिने माळ्यावर पडून होता, कोटेशनमध्ये ‘खराब’ म्हणून नोंदलेला. दीड महिना झाला, दिवा लागलेला नाही, ट्रिम +२.

तारे पाचपैकी चार. कोड वाचण्यासाठी नाही, कोड कुणीही वाचतो. ते ट्रिमचे दोन आकडे आणि फ्रीझ फ्रेम यांसाठी घ्या. आता तो कायम खोचून ठेवत नाही, पण रोज वाकून काढघाल करून सॉकेट ढिलं होईल म्हणून बटण असलेली ओबीडीची एक्स्टेन्शन वायर मागवली. काल आली. बटण बंद केलं की डोंगलचा निळा दिवा जातो आणि बटणातला लाल लागतो.