पहिला वेब सर्व्हर: थेट सॉकेट की फ्लास्क?
मुंबईत बीएस्सी आयटी करणारी मुलं हमखास विचारतात: पायथनमध्ये पहिला सर्व्हर थेट सॉकेटवर लिहू की फ्लास्क घेऊ?

फ्लास्क, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं तयार साधन, 2010 साली आलं. पत्ता आणि फंक्शन यांची जोडी लावली की 5000 क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार) पान दिसतं. दादरच्या लोकलचं छोटं वेळापत्रक एका संध्याकाळी उभं राहतं.

सॉकेट म्हणजे नेटवर्कवरून दोन प्रोग्रॅमनी बोलायचं मूळ टोक; त्यावर मात्र सगळं तुमच्या हातात येतं. पोर्ट धरायचं (8000 घ्या, लिनक्सवर 1024 च्या खालचे साध्या युजरला सहसा मिळत नाहीत), वाट बघायची, कनेक्शन स्वीकारायचं. ब्राउझरची मागणी म्हणजे साधा मजकूर, हे इथे डोळ्यांनी दिसतं. उत्तरात आधी 200 ची (‘सगळं ठीक’ सांगणारी) स्टेटस ओळ, मग हेडर (उत्तराविषयीची माहिती), मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर पान. ती रिकामी ओळ विसरलात तर हेडर कुठे संपले हे ब्राउझरला कळत नाही. मराठी पानासाठी आणखी एक: कंटेंट-लेंग्थ (पानाची लांबी सांगणारा हेडर) बाइटमध्ये मोजा. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ‘दादर’ 12 बाइटचा होतो. द, काना, द, र अशी चिन्हं मोजून 4 लिहिलंत तर शब्द पहिल्या अक्षरापाशीच तुटतो. हे फ्लास्क गुपचूप सांभाळतं, म्हणून शिकायचं राहून जातं.

माझं मत ठाम आहे: आधी सॉकेट, मग फ्लास्क. प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यात द्यायचा असेल तरच थेट फ्लास्क. घरच्या वायफायवर खुशाल चालवा, पण तुमचा सॉकेट सर्व्हर किंवा फ्लास्कचा डेव्हलपमेंट (फक्त तयार करताना वापरायचा) सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नका.