जुन्या बुलेटचा कार्बोरेटर: किट घालावं की नवा बसवावा?

चवथीला आठ दिवस उरले असताना घरची जुनी ३५० बुलेट जूननंतर पहिल्यांदा बाहेर काढली. चोक लावला की चालायची, सोडला की बंद. फोंड्यातल्या मिस्त्रीने लांबूनच ऐकून कार्बोरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनात सोडणारा भाग) निकाल दिला, "नवो घाल." मी घातला नाही. तुमचीही गाडी अशीच अडली असेल तर पैसे काढण्याआधी एवढं बघा.

चोक लावला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्यामुळे चोकवरच चालते म्हणजे एकतर पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. गाडी कशीबशी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडच्या सांध्यावर क्लीनरचा फवारा मारला. इंजिनाचा आवाज लगेच बदलला. हवा तिथूनच. माझ्या बुलेटवरच्या मिककार्ब कंपनीच्या कार्बोरेटरचं हे जुनं दुखणं आहे. वर्षानुवर्षं नट आवळून आवळून फ्लँजचे (हेडला टेकणाऱ्या सपाट तोंडाचे) कान वाकतात. माझा फ्लँज काचेवर ठेवला तर मधून कागद आरपार सरकत होता. त्याच काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून अर्धा तास घासला, नवी ओ-रिंग घातली.

मग बाऊल, म्हणजे कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी, उघडला. तळाशी काकवीसारखा चिकटा, त्यात पाण्याचा थेंब वेगळाच हिंडतोय. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे पावसात ओलाव्याला तोटा नाही. पायलट जेट, म्हणजे आयडलला (रेस न देता) पेट्रोल सोडणारी बारीक पितळी तोटी, पूर्ण तुंबलेला. (गोव्यात पायलट म्हटलं की पिवळ्या मडगार्डवाला आठवतो, हा पायलट रुसला तर गाडी आयडलला उभीच राहत नाही.) भोक केसाएवढं असतं, त्यात सुई खुपसू नका, पितळ मऊ असतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. भांडी उजळतात म्हणून सोलांच्या पाण्यात बुडवण्याचा सल्लाही मिळेल. आंबटाने कार्बोरेटरचं अंग खाल्लं जातं.

किट काही शे रुपयांत येतं: गॅस्केट, ओ-रिंग, फ्लोटची नीडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई). एक रविवार जातो. नव्याला याच्या कितीतरी पट पैसे लागतात, आणि तो बसवला की झालं असंही नाही. जेटवर कोरलेले आकडे जुन्याशी ताडून बघावे लागतात. मी एकदा दुसऱ्या गाडीसाठी स्वस्तातली नक्कल आणली होती. पेट्रोल जादा जाऊन प्लग काळा करून करून दमलो, शेवटी जुने जेट त्यात घातले तेव्हा कुठे चालली.

तरीही एका बाबतीत मिस्त्री बरोबर ठरतो. स्प्रिंग काढून नुसती स्लाइड (रेस दिली की वरखाली होणारा तुकडा) आत सोडा आणि बोटाने हलवा. खडखड वाजत असेल तर आतली नळीच झिजली आहे. आयडल कधी चढेल, कधी पडेल, आणि कुठलंही किट ते भरून काढणार नाही. एअर स्क्रूचे (आयडलची हवा कमीजास्त करणाऱ्या स्क्रूचे) आटे गेले असतील तरी तसंच. तिथे नवाच घ्या, तोही मूळ बनावटीचा.

माझी स्लाइड घट्ट होती. एअर स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडला, इंजिन तापल्यावर थोडा इकडेतिकडे फिरवला, आणि चोक सोडूनही गाडी उभी राहिली.

किट घाला नाहीतर नवा बसवा, पुढच्या जूनमध्ये गाडी झाकण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. बाऊल कोरडा राहतो.